डाव्या हाताने दात घासणारा पिचर

(एका आईचं पत्र, संक्षेपाने आणि ओळख पुसून)

राहणं टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात. मुलगा या एप्रिलमध्ये अकरा वर्षांचा झाला. सहाव्या वर्षापासून लिटल लीग या मुलांच्या स्थानिक लीगमध्ये बेसबॉल खेळतोय, गेल्या वर्षापासून एका क्लबच्या, गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या ट्रॅव्हल टीममध्येही आहे. पिचिंग करतो, म्हणजे बॅट्समनला चेंडू टाकतो; पिचिंग नसेल तेव्हा कॅचर, म्हणजे बॅट्समनमागे बसून चेंडू झेलणारा. अंगाने लहानखुरा, पण ‘हात चांगला आहे’ असं कोच म्हणतात. आता त्यांनी त्याला ‘ए’ टीममध्ये बोलावलंय. अट अशी की ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत फक्त बेसबॉल: फॉल बॉल (शरद ऋतूतले सामने), हिवाळ्यात इनडोअर सराव, दर आठवड्याला एक खासगी पिचिंग लेसन आणि वर्षभरात साठेक सामने. पोहणं आणि बास्केटबॉल बंद. फी ३,२०० डॉलर. हॉटेलं, प्रवास आणि लेसन वेगळे. उत्तर पंधरा दिवसांत हवंय. नवऱ्याचं म्हणणं, हीच वेळ आहे, आत्ता मागे राहिला तर कायमचा राहील, आणि पुढे कॉलेजची स्कॉलरशिप आहे. आईचं म्हणणं, “मला त्याला या स्पर्धेपासूनच वाचवायचंय. पण उद्या तो म्हणाला की तुझ्यामुळे माझं राहून गेलं, तर?” मुलाला विचारलं की “मला खेळायचंय” एवढंच म्हणतो, सामन्याहून परतताना मात्र गाडीत गप्प असतो. धाकट्या मुलीचे शनिवार-रविवार फोल्डिंग खुर्चीत जातात. आणि पत्राच्या शेवटाकडे, कंसात: भारतातून आलेल्या सासूबाईंच्या लक्षात आलं की रविवारी रात्री तो डाव्या हाताने दात घासतो. विचारलं तर म्हणाला, “असंच.”

पत्रलेखिकेस,

तुमचं पत्र चांगलं दोन पानी आहे आणि प्रश्न स्पष्ट आहे, ‘ए’ टीमला हो म्हणायचं की नाही. पण मी आधी तुमच्या कंसाकडे वळते. उजव्या हाताने पिचिंग करणारा मुलगा दोन दिवसांच्या स्पर्धेनंतर डाव्या हाताने दात घासत असेल, तर ते ‘असंच’ नसतं. तुम्हालाही ते कळलं असणार, नाहीतर लिहिलं नसतंत. फक्त कंसात टाकलंत.

तेव्हा ‘ए’ टीम, फी, नवऱ्याचं मत हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. पेडियाट्रिशियनची वेळ घ्या आणि त्यांच्याकडून मुलांच्या स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या डॉक्टरांकडे पाठवून घ्या. ते बघेपर्यंत चेंडू फेकणं पूर्ण बंद, अंगणात बाबांबरोबर ‘हलकंसं’सुद्धा नाही. बर्फाने शेकून आणि आयबुप्रोफेन देऊन शनिवारच्या सामन्याला उभं करू नका. दुखणं तात्पुरतं दबतं आणि मुलगा त्याच हाताने आणखी सत्तर चेंडू टाकून येतो.

यात घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण कारण समजून घ्या. अकराव्या वर्षी हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. हाड जिथून वाढतं त्या जागी अजून कूर्चा असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मोठ्या पिचरच्या कोपरावर फार ताण आला की लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, फाटू शकतं. लहान मुलात ही कूर्चा लिगामेंटपेक्षा कमजोर असल्यामुळे ताण तिच्यावर येतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या या दुखण्याला इथले डॉक्टर सरळ ‘लिटल लीगर्स एल्बो’ म्हणतात. खेळावरूनच आजाराचं नाव पडावं, इतकं ते सर्रास आहे. वेळेवर थांबवलं तर बहुतेक मुलं विश्रांतीनेच बरी होतात. घोळ होतो तो न थांबवल्यामुळे.

मुलाला ‘दुखतंय का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाची किंमत त्याला ठाऊक आहे: हो म्हटलं की बेंच. त्यापेक्षा आरशासमोर उभं करून दोन्ही हात पुढे सरळ करायला सांगा. उजवं कोपर डाव्याइतकं पूर्ण सरळ होतंय का ते बघा. मग बोट ठेवून दाखवायला सांगा: आत, बाहेर की खांद्याजवळ? चेंडू टाकतानाच दुखतं की शर्ट घालतानाही? मुलं नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतात. ते लिहून घ्या, डॉक्टरांना उपयोगी पडेल.

आता हे झालं कसं, ते बघू. कारण तुम्ही पत्रात लिहिलंय, “सगळे नियम पाळले जातात.” माझाही तसाच समज होता. मग एका सीझनला माझ्या मुलाच्या टीमची स्कोअरबुक माझ्या गळ्यात पडली आणि एका पावसाळी संध्याकाळी मी सहज बेरीज करत बसले.

लिटल लीगमध्ये २००७ पासून पिच, म्हणजे पिचरने टाकलेला एकेक चेंडू, मोजतात. ११-१२ वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ पिचची मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ असतील तर तीन, ३६ ते ५० ला दोन. ४१ किंवा त्याहून जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी उरलेला वेळ कॅचरही होता येत नाही. नियम शहाणपणाचा आहे. पण प्रत्येक लीग आपलेच चेंडू मोजते आणि बऱ्याच ट्रॅव्हल स्पर्धांमध्ये तर पिच मोजतच नाहीत, इनिंग (समोरचे तीन गडी बाद होईपर्यंतचा डाव) मोजतात. एक इनिंग नऊ चेंडूंत संपते आणि कधीकधी पस्तिसांतही संपत नाही. कागदावर दोन्ही ‘एक’च.

समजा गुरुवारी संध्याकाळी लिटल लीगमध्ये ४५ पिच. शनिवारी सकाळी ट्रॅव्हल टीमसाठी दोन इनिंग, म्हणजे साधारण ३८. दुपारच्या सामन्यात पाच इनिंग कॅचर: प्रत्येक पिचनंतर चेंडू पिचरकडे परत, शिवाय सेकंड बेसकडे जिवाच्या आकांताने फेकलेले चार-पाच. रविवारी ब्रॅकेटमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ‘फक्त शेवटची इनिंग काढ रे’, आणखी २२. मंगळवारी खासगी लेसन, ४० चेंडू. नियम कुणीच मोडला नाही. लिटल लीगचे कोच बरोबर, ट्रॅव्हलचे कोच बरोबर, लेसनवालाही बरोबर. आणि एका हाताने सहा दिवसांत १४५ पिच टाकले. वॉर्म-अप आणि कॅचरचे थ्रो यात धरलेलेच नाहीत. हे आकडे माझे आहेत, तुमच्या मुलाचे तुम्ही भरा. ही बेरीज करणारा माणूस मैदानावर कुणीच नसतो, म्हणून ती घरात व्हावी लागते. फ्रिजवर एक कागद लावा: तारीख, कुठे, किती पिच, कॅचर किती इनिंग, रात्री हात कसा होता. मुलालाच लिहू द्या.

अभ्यास काय सांगतात तेही थोडक्यात देते, कारण तुमच्या यजमानांना आकडे लागतील असं पत्रावरून वाटतं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने ४८१ लहान पिचर दहा वर्षं पाहिले. वर्षात १०० हून जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. त्याआधी २००६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी खांदा किंवा कोपराचं ऑपरेशन झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना ऑपरेशनचा धोका पाचपट, आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट. छत्तीस. कर्व्हबॉलवर (वळणाऱ्या चेंडूवर) पालक तासन् तास वाद घालतात, मोठा दोषी थकवा आहे.

म्हणूनच मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक सूत्रं काढली. ९ ते १२ वयासाठी: बारा महिन्यांत सगळ्या टीम मिळून ८० इनिंगच्या वर नको. वर्षातून चार महिने चेंडू फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. एकाच वेळी दोन टीमसाठी पिचिंग नको. पिचिंग नसताना कॅचर नको. दुसरे खेळ खेळा. आता ‘ए’ टीमची अट शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट ते जुलै. चार महिने कुठून काढणार? बर्फाळ राज्यांत हवामानच मुलांच्या हाताला सुट्टी देतं. टेक्सासमध्ये ती आईबापांना द्यावी लागते.

पिचर जॉन स्मोल्ट्झ २०१५ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, गेला. टॉमी जॉन ऑपरेशन (कोपराचं फाटलेलं लिगामेंट बदलण्याचं) होऊन तिथवर पोहोचलेला तो पहिला पिचर. तिथल्या व्यासपीठावरून त्याने आपल्या पराक्रमाच्या गोष्टींमधून वेळ काढून पालकांना बजावलं की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही, मुलांना दुसरे खेळ खेळू द्या. आता काही पालकांना वाटतं की ऑपरेशन करून घेतलं की हात आधीपेक्षा मजबूत होतो. तो भ्रम आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर पहिलं ऑपरेशन केलं आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले, हे खरं. पण तो तेव्हा एकतीस वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता, पाचवीतला मुलगा नव्हता.

हे वाचून तुम्ही म्हणाल, “बघा, मी म्हणतच होते, स्पर्धाच वाईट.” इथे मात्र मी तुमच्या बाजूची नाही.

स्पर्धेपासून वाचवायचंय असं तुम्ही लिहिलंत. पण मुलाने कशाची तक्रार केली आहे? हरण्याची? पत्रात तसं कुठेही नाही. उलट एका ओळीत तुम्ही लिहिलंय की लिटल लीगमध्ये १४-२ ने जिंकल्यावर त्याला कंटाळा आला होता आणि ५-४ ने हरलेला सामना तो रात्री जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला अटीतटीचं खेळायचंय. गल्लीत खेळणारी पोरं कुणीही न शिकवता चुरशीने खेळतात, भांडतात, एक टीम फारच भारी झाली की आपणहून गडी बदलून घेतात, आणि अंधार पडला की घरी जातात. चुरस ती पोरं स्वतःच आणतात. मोठी माणसं त्यात आणतात ते वेळापत्रक, रँकिंग, कपाटभर ट्रॉफ्या आणि ‘एवढे पैसे भरलेत’ हे वाक्य. मुलाला चुरस हवी आहे आणि हाताला सुट्टी. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण नाही. भांडण आहे ते क्लबच्या कॅलेंडरशी.

आणखी एक, आपल्यासारख्या घरांचं. आपण क्रिकेट बघत वाढलो. बॅट्समन आउट झाला की संपलं, मान खाली घालून पॅव्हेलियनकडे. त्यामुळे मुलगा स्ट्राइकआउट झाला की आपला चेहरा आपोआप पडतो, आणि तो डगआउटकडे चालत येताना आधी तोच चेहरा बघतो. बेसबॉलमध्ये तासाभरात पुन्हा बॅट हातात येते. १९४१ मध्ये टेड विल्यम्स या नामांकित बॅटरची सरासरी .४०६ होती, म्हणजे दहापैकी चार वेळा यश. लोक आजही ती कौतुकाने सांगतात, पण दहापैकी जवळजवळ सहा वेळा तोही बादच झाला. या खेळात अपयश हा रोजचा वरणभात आहे. मुलाला ते कळतं. आपल्याला कळायला वेळ लागतो.

आता तुमच्या यजमानांकडे. त्यांना खलनायक करू नका, तेही घाबरलेले आहेत. आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिथे एक परीक्षा, एक यादी, एक प्रवेश. यादी लागली की दार बंद. परक्या देशात, परक्या खेळात, नियम माहीत नसताना माणूस तीच जुनी भीती वापरतो. पण अकराव्या वर्षीची यादी बेसबॉलमध्ये टिकत नाही. लिटल लीगच्या मैदानावर पिचिंगचं अंतर ४६ फूट आणि बेसमधलं ६० फूट असतं. पुढे पूर्ण मैदानावर ते ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला मुलं वयात येतात. आज मिशी फुटू लागलेला आणि सगळ्यांना गार करणारा पोरगा तिथे अचानक साधा वाटू लागतो. आज ज्याचा चेंडू आउटफील्डपर्यंत पोचत नाही तो वर्षात सहा इंच वाढून येतो. पत्ते पुन्हा पिसले जातात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर एक साधा हिशोब आहे, तो कुणी केलेला दिसत नाही. ट्रॅव्हल स्पर्धांमध्ये वयोगट साधारणपणे १ मे या तारखेवर ठरतो. तुमचा मुलगा एप्रिलचा. म्हणजे तो आपल्या गटात जवळजवळ सगळ्यात लहान. ऑगस्टमध्ये सीझन सुरू होईल तेव्हा हा सव्वाअकरा वर्षांचा आणि शेजारी मे महिन्यात जन्मलेला मुलगा सव्वाबारा. या वयात ते एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि चांगलंच अंतर वेगात. ‘लहानखुरा पण हात चांगला’ याचा अर्थ, वर्षाने मोठ्या मुलांमध्ये तो टिकून आहे. त्याला घाई कशाला? तुमच्याकडे सगळे रेंजर्सचे (तुमच्या भागातल्या टीमचे) भक्त असतील, तरी ह्यूस्टनचंच उदाहरण देते, रागावू नका: होझे अल्तुवेला तिथल्या ॲस्ट्रोज टीमच्या निवड चाचणीतून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. उंची पाच फूट सहा.

स्कॉलरशिपबद्दल पटकन. कित्येक वर्षं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या कॉलेजला बेसबॉलसाठी सगळ्या टीममध्ये मिळून ११.७ स्कॉलरशिप वाटता येत असत, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडा. २०२५-२६ पासून नियम बदलले. नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांवर ती मर्यादा नाही, पण टीम ३४ जणांची. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तुमच्या पत्रातले आकडे धरून मी फी, हॉटेलं, लेसन आणि बॅटी मिळवल्या (हो, बॅटी, ट्रॅव्हल स्पर्धा घेणाऱ्या यूएसएसएसए संघटनेचा शिक्का असलेली बॅट लिटल लीगमध्ये चालत नाही, म्हणून दोन). वर्षाला साडेसात हजार डॉलरच्या आसपास जातंय. सात वर्षं. कॉलेजच्या खर्चासाठीच हे चाललं असेल, तर ५२९ खातं (शिक्षणासाठीचं बचत खातं) जास्त भरवशाचं आहे, आणि त्याचं कोपर दुखत नाही. मुलाच्या आनंदासाठी खर्च करणार असाल तर जरूर करा, माझी हरकत नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. कारण गुंतवणूक म्हटलं की परतावा मागितला जातो, आणि तो मागायची जागा म्हणजे परतीची गाडी.

गाडीबद्दल बोलायलाच हवं. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना एका सामन्यानंतर मी, अगदी प्रेमाने, म्हणाले होते, “तो शेवटचा बॉल जरा वाट बघून मारायला हवा होतास, नाही का?” त्याने हुडी डोक्यावर ओढली आणि खिडकीकडे वळला. आता तो चोविशीत आहे. तो सामना कोण जिंकलं ते त्याला आठवत नाही, माझं वाक्य आठवतं, आणि मी वापरलेला सूरही काढून दाखवतो. सामना संपल्यावर मूल दमलेलं असतं, सीटबेल्टने बांधलेलं असतं, आणि बोलणारा माणूस पुढे बघत असतो. पळायला जागा नाही. तुमच्या घरी एक नियम करून बघा: मैदानापासून घरापर्यंत खेळाचा विषय फक्त मुलाने काढायचा. त्याने काढला नाही तर गाणी, भूक, धाकटीची शाळा. तीन आठवडे करा. गप्प मुलगा बोलू लागतो की नाही ते मला कळवा.

तो गप्प का आहे, याचा एक अंदाज मी करते. चुकला तर माफ करा. त्याला खेळायचंय हे खरं आहे. पण त्याला दुखतंय हेही खरं आहे, आणि ‘दुखतंय’ म्हटलं तर कोच, बाबा, टीममधले मित्र सगळ्यांनाच आपण तोंडघशी पाडू, असं त्याला वाटतंय. अकरा वर्षांच्या मुलाने एवढं ओझं वाहू नये. त्याला स्पष्ट सांगा, “हात दुखला तर तू फक्त मला सांगायचं. कोचना मी सांगेन, आणि सांगताना म्हणेन की आईने नाही म्हटलंय.” वाईटपणा तुम्ही घ्या. टीममध्ये ‘माझी आई ना, जाऊ दे’ असं डोळे फिरवून म्हणायची सोय मुलाला मिळाली की दुखणं सांगणं सोपं जातं. आणि हे बाबांसमोर सांगा, किंवा बाबांनाच सांगू द्या. त्यांच्या तोंडून आलं तर त्याचं वजन दुप्पट.

डॉक्टरांनी हिरवा झेंडा दाखवल्यावर तुमच्यासमोर साधारण तीन वाटा आहेत. पहिली, ‘ए’ टीम जशी सांगितली आहे तशी, वर्षभर. ती मी सुचवणार नाही, आणि डॉक्टरही सुचवतील असं वाटत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं २०१६ पासूनचं म्हणणं आहे की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं. दुसरी वाट, सगळं सोडून फक्त लिटल लीग. काही मुलांसाठी तीच उत्तम असते, पण तुमच्याला १४-२ चा कंटाळा येतो. तो तिथे आळशी होईल.

तिसरी वाट बोलणीची आहे. एका वेळी एकच टीम, ‘ए’ असो वा ‘बी’. कॅचर किंवा पिचर, दोन्ही नाही. थंडीचे चार महिने चेंडू नाही. त्या काळात पोहणं, बास्केटबॉल. खासगी लेसन बंद, किमान वर्षभर. हे कोचसमोर ठेवायचं. अमेरिकेत कोचशी असं बोलणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. आपण शिक्षकांपुढे मान तुकवत वाढलो, त्यामुळे संकोच होतो, पण इथे पालकाने विचारणं गृहीत धरलेलं असतं. सामन्याच्या दिवशी मात्र बोलू नका. मधल्या वारी फोन करून वेळ मागा.

विचारायचं काय? पिच कोण मोजतं आणि ती वही मला बघता येईल का? बारा जणांत पिचिंग करणारे किती? चार असतील तर त्या चौघांच्या हातांवर साठ सामने आहेत, आठ असतील तर गोष्ट वेगळी. इतर टीमसाठी टाकलेले चेंडू तुम्ही धरता का? आणि माझा आवडता प्रश्न: फायनलमध्ये तुमच्या सगळ्यात चांगल्या पिचरला तुम्ही विश्रांतीसाठी बसवलंय, असं शेवटचं कधी झालं? चांगला कोच लगेच प्रसंग सांगतो, त्यात बहुधा हरल्याचं हसत हसत सांगतो. दुसरा कोच आधी ट्रॉफ्यांबद्दल बोलतो.

त्याहूनही चांगला उपाय, ‘ए’ टीमचा एक सामना तुमचा मुलगा नसताना जाऊन बघा. स्कोअरबोर्ड बघू नका. डगआउटच्या जवळ बसा आणि चूक केलेल्या मुलाकडे बघा. जमिनीवरून आलेला चेंडू पायांमधून गेला, तो मुलगा आधी कुणाकडे बघतो? पुढच्या चेंडूकडे बघत असेल तर टीम निरोगी आहे. कोचकडे किंवा जाळीमागे उभ्या असलेल्या बापाकडे बघत असेल तर तिथे मुलं खेळ शिकत नाहीत, चेहरे वाचायला शिकतात. यजमानांना बरोबर न्या. त्यांनी क्रिकेट खेळलंय, घाबरून खेळणारा गडी ते लांबून ओळखतील. तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

धाकटीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मीही जास्त लिहीत नाही. साठ सामने म्हणजे तिचेही शनिवार-रविवार. महिन्यातले दोन तरी तिच्या नावावर लिहा, आणि त्या दिवशी खुर्चीत बसायची पाळी तिच्या दादाची.

निर्णय कोणाचा, असंही विचारलंत. हाताचा निर्णय डॉक्टरांचा आणि तुम्हा दोघांचा, त्यात मुलाला मत नाही. कोणती टीम, हे त्याला विचारा, पण ‘खेळायचंय का?’ असं नको. “पिचिंग वर्षभर मिळालं नाही, फक्त सेकंड बेसची जागा मिळाली, तरी या टीममध्ये जायला आवडेल?” “तुझा मित्र ‘बी’ टीममध्येच राहिला तर?” उत्तर देताना त्याला वेळ लागेल. लागू द्या, मध्ये बोलू नका. मटार सोलताना किंवा गाडी धुताना विचारा. मुलं समोरासमोर बसवली की साक्षीदारासारखी बोलतात.

आणि तुमची ती भीती, ‘तुझ्यामुळे माझं राहून गेलं.’ म्हणेलही. चौदाव्या वर्षी मुलं आईला काही ना काही म्हणतातच. धडधाकट हात असलेला चौदा वर्षांचा मुलगा ते म्हणाला, तर तुम्ही त्याला मैदानावर सोडायला जात असाल आणि तो मागच्या सीटवरून म्हणत असेल. तेवढं मला चालेल.

सोमवारी कोचना एवढंच कळवा: कोपर दाखवायचंय, डॉक्टर काय म्हणतात ते बघून उत्तर देऊ, पंधरा दिवसांत जमेलच असं नाही. ते म्हणाले, “अर्थात, आधी हात बघा,” तर त्यांच्याशी पुढची बोलणी करण्यात अर्थ आहे. ते म्हणाले की जागा थांबवून ठेवता येणार नाही, तर तुमच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं.

डॉक्टरकडे जाताना फ्रिजवरचा कागद न्या, आणि सासूबाईंनाही न्या. ते विचारतील, हे कधीपासून चाललंय. माझी खात्री आहे, तारीख त्यांनाच माहीत असेल.